सोरायसिस नवीनच निघालाय? सुरुवात कुठून करायची ते सांगते

मला सोरायसिस होऊन चौदा वर्षं झाली. मी शाळेत शिकवते, आणि पहिली दोन वर्षं मला वाचवलं ते खडूने. डोक्यातले पापुद्रे काळ्या ब्लाउजच्या खांद्यावर पडायचे, बघणाऱ्याला वाटायचं फळा पुसल्याची धूळ आहे, आणि मीपण "खडू हो, दुसरं काय" म्हणून खांदा झटकायचे. मग शाळेत व्हाइटबोर्ड आले आणि माझी सबब संपली. तेव्हा कुठे मी स्किनच्या डॉक्टरकडे गेले. म्हणजे दोन वर्षं वाया, आणि त्यातले पाच महिने तर नुसते वाया नाही, उलटे गेले, ते पुढे सांगते.

आता नात्यातलं नाहीतर पालकांपैकी कुणीतरी महिन्याला एक तरी कोपराचा फोटो पाठवतंच, "मॅडम हे तेच आहे का बघा ना". प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळले म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे औषधाचा डोस माझ्याकडून घेऊ नका, पण कुठे काय चुकतं ते माझ्याकडून नक्की घ्या कारण बहुतेक चुका माझ्या करून झाल्यात.

आधी हे काय आहे ते समजून घ्या

आपल्या कातडीची पेशी खालच्या थरात तयार होते, हळूहळू वर सरकते आणि साधारण महिन्याभराने आपल्याला न कळता झडून जाते. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. एसटी स्टँड डोळ्यासमोर आणा, फलाटावरची गाडी अजून हललेली नाही आणि मागून चार गाड्या येऊन उभ्या राहिल्यात, तसं. जुन्या पेशी झडायच्या आत नव्या येतात, थरावर थर चढतो, तेच ते पांढरे चंदेरी पापुद्रे.

हे कशामुळे, तर आपली रोगप्रतिकारशक्ती चुकून आपल्याच कातडीवर उठते म्हणून. टी पेशी, म्हणजे रक्तातल्या राखणदार पांढऱ्या पेशी, उगाचच "हल्ला झालाय, हल्ला झालाय" असे निरोप धाडत बसतात. त्या निरोप्यांची नावं टीएनएफ, इंटरल्युकिन १७, इंटरल्युकिन २३ अशी आहेत, आत्ता लक्षात नाही राहिली तरी चालेल, इंजेक्शनच्या वेळी परत भेटतील. तेव्हा "रक्त खराब झालंय", "अंगात उष्णता फार आहे" वगैरे जे ऐकवलं जातं ते ऐका आणि सोडून द्या.

हा लागण होणारा आजार नाही. एका ताटात जेवा, एक टॉवेल वापरा, बाळाला मांडीवर घ्या, काही होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने २०१४ मध्ये सोरायसिसवर वेगळा ठरावच केला, त्यातसुद्धा हा न पसरणारा आजार आहे असं साफ म्हटलंय. घराण्यातून येण्याचा भाग आहे पण आईला आहे म्हणजे मुलांना होणारच असं काही नाही, माझ्या दोघांना आजवर नाही. माझ्या आईवडिलांनाही नव्हता, एका मामाला होता म्हणे, त्याला बिचाऱ्याला घरात जन्मभर "खरूज" म्हणाले आणि त्याचा तांब्या वेगळा ठेवला.

आता सगळ्यांचा पहिला प्रश्न, बरा होतो का. कायमचा मुळापासून घालवणारं औषध आज नाहीये. पण आटोक्यात येतो, कातडी पूर्ण स्वच्छ होईपर्यंत येतो, आणि कधी कधी वर्षानुवर्षं तसा राहतो. बीपी-शुगर सांभाळतो तसं समजा. "शंभर टक्के गॅरंटी, पुन्हा होणार नाही" अशी पाटी दिसली की रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जा.

ओळखायचं कसं

बहुतेकांना जो होतो तो चट्ट्यांचा प्रकार. कोपराची आणि गुडघ्याची बाहेरची बाजू, डोकं, कंबरेच्या खाली पाठीचा भाग, बेंबी, कानाच्या मागे, ह्या याच्या आवडत्या जागा. चट्ट्याची कड स्पष्ट असते, इथे चट्टा संपला आणि इथे चांगली कातडी सुरू झाली असं बोट ठेवून दाखवता येतं. हाताला जाड लागतो. वर पापुद्रे. इंटरनेटवरच्या फोटोत गोऱ्या लोकांचे लालभडक चट्टे दिसतात आणि आपले तसे दिसत नाहीत म्हणून आपल्याकडे लोक फसतात, सावळ्या अंगावर तो जांभळट, तपकिरी, कधी नुसता राखाडी दिसतो. खाज काहींना भयंकर, काहींना जवळजवळ नाही.

पापुद्रा नखाने खरवडला तर मेणबत्ती खरवडल्यासारखा भुगा निघतो आणि अजून खरवडलं तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके येतात. ही डॉक्टरांची एक जुनी खूण आहे, पण ती त्यांनाच करू द्या, तुम्ही घरी बसून करू नका, कारण सोरायसिसची खोड अशी की जिथे कातडीला इजा होते तिथे तो नवा उगवू शकतो. भाजलं, खरचटलं, टाके पडले, की दहा-पंधरा दिवसांत त्याच जागी चट्टा. माझ्या कंबरेला अख्खा पट्टा होता, बरोब्बर परकराच्या नाडीच्या रेषेत! डॉक्टरीण बाईंनी तो पट्टा बघितला, नाडीकडे बघितलं आणि हसल्याच. त्या दिवसापासून इलॅस्टिक, आणि तेही सैल.

नखं बघा. नखावर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे, नखाखाली तेलाचा थेंब पडल्यासारखा पिवळसर डाग, किंवा नख पुढून सुटून वर उचललेलं. लोक याला फंगस समजून महिनोन्महिने गोळ्या खातात. नखाचा नमुना तपासून घेतल्याशिवाय तसल्या गोळ्या सुरू करू नका.

आता गोंधळ कशाकशाशी होतो ते. नायटा म्हणजे गजकर्ण, तो कडेने वाढतो आणि मधे मोकळा होत जातो, जांघेत कमरेला जास्त, आणि बऱ्याचदा घरात अजून कुणाला तरी असतो. इसब ओलं होतं, पाझरतं, आणि कोपराच्या आतल्या घडीत येतं, सोरायसिस बाहेरच्या टोकावर. साधा कोंडा तेलकट पिवळसर असतो आणि केसांतच राहतो, सोरायसिसचा जाड थर केसांची रेषा ओलांडून कपाळावर उतरतो. आणि मनात जी भीती सगळ्यांना असते पण कुणी बोलत नाही ती कुष्ठरोगाची, तर त्यात चट्ट्यावरची संवेदना बहुतेकदा जाते, सोरायसिसमध्ये जात नाही. तरी मनात शंका असेल तर डॉक्टरांना थेट विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वेगळे प्रकारपण आहेत. मुलांना घसा धरून गेला की दोन-तीन आठवड्यांनी अंगभर थेंब शिंपडल्यासारखे छोटे ठिपके येतात, तो बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप जातो. काखेत, जांघेत, स्तनांखाली होतो तिथे पापुद्रा नसतो, नुसती लाल चकचकीत कातडी, त्याला सगळे घामोळं किंवा फंगस समजतात. तळहात-तळपायांचा प्रकार वेगळाच छळवाद, भेगा पडतात, भांडी घासणाऱ्या बायका आणि शेतात राबणारी माणसं यात अक्षरशः रडतात.

डॉक्टरकडे जायच्या आधी

स्किन स्पेशालिस्टकडेच जा, पाटीवर एमडी स्किन, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल असलं काही आहे का बघा. खिशाला परवडत नसेल तर सिव्हिल हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेजची ओपीडी, तिथे रोज सोरायसिसचे पेशंट येतात, हात बसलेला असतो. फक्त एक सांगून ठेवते, तिथे पाटी असते "त्वचा व गुप्तरोग विभाग". मी त्या पाटीखाली रांगेत उभी असताना ओळखीच्या एक बाई समोरून गेल्या आणि मी चक्क पदर तोंडावर घेतला. नका घेऊ. त्या बाईपण त्याच रांगेत यायला निघाल्या होत्या हे मला नंतर कळलं.

बरोबर काय न्यायचं? आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा, नाव आठवत नसतं आणि डॉक्टरला तेच हवं असतं. चालू गोळ्यांची यादी न्या, कारण बीपीच्या काही गोळ्या, म्हणजे मेटोप्रोलोल-प्रोप्रानोलोलच्या जातीतल्या, मानसिक आजारावरचं लिथियम, मलेरियाचं क्लोरोक्विन, यांनी सोरायसिस भडकू शकतो. पण म्हणून ती गोळी स्वतः बंद करायची नाही, ज्यांनी दिली त्यांना विचारायचं. चट्टा जोरात असतानाचा फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी तो नेमका शहाण्यासारखा बसलेला असतो.

आणि लपवू नका. डोकं, बेंबी, पार्श्वभागाची फट, गुप्तांग, तिथे असेल तर सांगाच. डॉक्टरांना विचारायला वेळ नसतो आणि आपल्याला सांगायला तोंड नसतं आणि मग औषध फक्त कोपराचं मिळतं.

किती आहे ते मोजायची सोपी रीत म्हणजे आपला स्वतःचा हात. बोटं मिटलेला एक पंजा म्हणजे साधारण एक टक्का अंग. तीन पंजांच्या आत असेल तर सौम्य, दहाच्या वर गेला तर तीव्र. पण नुसत्या पंजांवर जाऊ नका, तळपायावर असेल आणि चालता येत नसेल तर दोन टक्केसुद्धा तीव्रच. बहुतेकदा डॉक्टर बघूनच ओळखतात, शंका असेल तर बायोप्सी करतात, नाव ऐकून घाबरायला होतं पण बधिर करून डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि एखादा टाका, एवढंच.

माझे पाच महिने

शेजारच्या मेडिकलमधून मी एक ट्यूब आणली होती, "खाजेचं द्या" म्हणून. त्यात स्ट्राँग स्टिरॉइड, फंगसचं औषध आणि अँटिबायोटिक असं सगळं एकत्र होतं, भेळच. आठ दिवसांत चट्टे गायब. मी सगळीकडे त्या ट्यूबचं कौतुक करत सुटले. बंद केली की परत, लावली की गायब, असं करता करता पाच महिने गेले, मांडीच्या आतली कातडी कांद्याच्या पातीसारखी पातळ झाली, तिथे आडव्या रेघा उमटल्या त्या आजही आहेत. आणि मग ट्यूब संपली, मी आठ दिवस गावी गेले, आणि तिथे जो काही भडकला तो पार पाठभर.

स्टिरॉइड वाईट नाही, हे नीट समजून घ्या. सोरायसिसचं पहिलं औषध तेच आहे आणि मी आजही वापरते. वाईट आहे ते स्वतःच्या मनाने लावणं आणि एकदम सोडणं. २०१८ मध्ये सरकारने अशा बऱ्याच स्टिरॉइड क्रीमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, पण काउंटरवर चिठ्ठी कोण विचारतंय. त्याहून धोक्याचं म्हणजे पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या किंवा कमरेतलं इंजेक्शन. चार दिवसांत अंग चकाचक, आणि सुटलं की सोरायसिस असा उलटतो की अंगभर लाल होऊन किंवा पुळ्या येऊन माणूस ॲडमिट होतो. आमच्या भावकीतल्या एका काकांचं असंच झालं, अकरा दिवस दवाखान्यात.

हेच बिननावाच्या पुड्यांना लागू. तुम्ही आयुर्वेदिक घ्या, होमिओपॅथी घ्या, तुमचा प्रश्न, पण पदवीवाला वैद्य असू दे, बाटलीवर घटक छापलेले असू देत आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचं औषध माहीत असू दे. नाव-गाव नसलेल्या पुडीत स्टिरॉइड किंवा जड धातू सापडल्याची उदाहरणं आहेत. पुडीने तीन दिवसांत जादू झाली तर खूश होऊ नका, संशय घ्या.

रोजचं लावणं

याच्यावर मी जरा वेळ घेणार आहे कारण औषध बरोबर असूनही लावणं चुकल्यामुळे "गुण येत नाही" म्हणणारे ढीगभर आहेत.

आंघोळ कोमट पाण्याने, कढत नाही. मला माहितीये कढत पाण्याने खाज गेल्यासारखं वाटतं, पण तासाभराने दुप्पट येते. घासणी, वजरी, दगड सगळं बाथरूममधून बाहेर काढा. टॉवेलने टिपायचं, रगडायचं नाही, आणि अंग दमट असतानाच दोन-तीन मिनिटांत मॉइश्चरायझर फासायचं. महागडं काही लागत नाही, पांढरं पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन असलेलं क्रीम, खोबरेल तेलसुद्धा चालतं. दिवसातून दोनदा तरी. पापुद्रा मऊ झाला तरच औषध आत जाणार, सुकलेल्या खपलीवर क्रीम लावणं म्हणजे रेनकोटवरून साबण लावण्यासारखं.

औषधाचं माप: ट्यूबमधून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत एक रेघ काढा, ती साधारण अर्धा ग्रॅम होते आणि दोन पंजांएवढ्या जागेला पुरते. बहुतेक लोक एकतर वाटाण्याएवढं घेऊन अख्ख्या पाठीला पुरवतात नाहीतर श्रीखंडासारखं थापतात.

कुठे काय ते डॉक्टर ठरवतील, पण तुम्हाला माहीत असू द्या की कोपर-गुडघ्याचं क्लोबेटासोलसारखं स्ट्राँग औषध तोंडाला, काखेत, जांघेत लावायचं नसतं, तिथे सौम्य स्टिरॉइड किंवा टॅक्रोलिमस नावाचं बिनस्टिरॉइडचं मलम देतात. दोन ट्यूब दिल्या तर झाकणावर स्केचपेनने लिहा, "अंग" आणि "तोंड". जाड थरासाठी सॅलिसिलिक ॲसिड देतात. स्टिरॉइडच्या जोडीला कॅल्सिपोट्रिऑल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं भावंड, देतात, त्याने स्टिरॉइड कमी लागतं. कोलटारचाही चांगला उपयोग होतो, फक्त नवीन डांबरी रस्त्यासारखा वास येतो आणि चादरीचं वाटोळं होतं, जुनी चादर वेगळी काढा. बरं वाटलं की रोजचं दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, असं सांगतील तसं उतरवत न्यायचं.

डोक्याची गोष्ट वेगळी. तिथे लोक लोशन केसांना लावतात, टाळूला नाही. रात्री तेल किंवा दिलेलं सॅलिसिलिकचं औषध भांग पाडत पाडत टाळूवर मुरवा, जुनी ओढणी बांधून झोपा. सकाळी बोटांच्या पेरांनी हलकेच सैल करा, फणीने उकरून काढायचा मोह फार होतो, नका. मग टारचा शाम्पू लावून पाच-दहा मिनिटं थांबा, मी तोवर दात घासून चहा ठेवून येते, मग धुवा. केस कोरडे झाले की स्टिरॉइडचं लोशन परत भांगाभांगाने. पापुद्र्यांबरोबर केस गळतात म्हणून जीव कासावीस होतो पण बहुतेकांचे परत येतात.

क्रीमने भागलं नाही तर

मग लाइट थेरपी, गोळ्या, इंजेक्शनं. लाइटसाठी कपाटासारख्या मशीनमध्ये चष्मा लावून उभं करतात, आत ३११ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाच्या नळ्या असतात, सुरुवातीला काही सेकंद, मग वाढवत. आठवड्यातून दोन-तीनदा, साधारण वीस-तीस वेळा जावं लागतं. गरोदर बाईलाही चालतं हा मोठा फायदा. तोटा म्हणजे खेटे. सकाळचं कोवळं ऊन पाच-दहा मिनिटं बऱ्याच जणांना मानवतं, पण भाजून घेतलंत तर भाजलेल्या जागी काय उगवतं ते वर वाचलंतच.

गोळ्यांत सगळ्यात जुनी आणि स्वस्त मेथोट्रेक्झेट. चांगली गोळी आहे, मी चार वर्षं घेतली. पण हे वाक्य दोनदा वाचा: ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज नाही. सोबत फॉलिक ॲसिड देतात, ते इतर दिवशी, आणि दोन्ही गोळ्या बऱ्याचदा पिवळ्या बारीक, सारख्याच दिसतात. ओळखीतल्या एका आजोबांनी अदलाबदल करून आठवडाभर मेथोट्रेक्झेट रोज घेतली, तोंडभर फोड आले, रक्तातल्या पेशी पार खाली गेल्या, थोडक्यात वाचले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मंगळवारला लाल गोल करायचे आणि गोळी घेतली की त्यावर फुली, आणि दोन पाकिटं दोन वेगळ्या डब्यांत, एक देवघराच्या फळीवर आणि एक स्वयंपाकघरात. हसले सगळे, हसू दे.

या गोळीवर असताना रक्ताची आणि लिव्हर-किडनीची तपासणी सांगतील तेव्हा करायचीच, "बरं वाटतंय, कशाला पैसे" म्हणून टाळायची नाही. दारू बंद. मूल हवं असेल तर आधी सांगायचं, बाईनेच नाही तर पुरुषानेपण. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरकडे ताप-लघवीच्या इन्फेक्शनसाठी गेलात तर मेथोट्रेक्झेट चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण कोट्रायमोक्झाझोलसारखी काही अँटिबायोटिक्स याच्याबरोबर घातक ठरतात, दुखण्याच्या गोळ्यापण विचारून. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला आणि दम, यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरला फोन.

बाकीच्या गोळ्या झटपट सांगते. सायक्लोस्पोरिन लवकर काम करते पण बीपी आणि किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. ॲसिट्रेटिन मूल व्हायच्या वयातल्या बाईला शक्यतो देतच नाहीत, बंद केल्यावरही तीन वर्षं दिवस राहू द्यायचे नसतात. ॲप्रेमिलास्टला एवढ्या तपासण्या लागत नाहीत, आता आपल्याकडे बऱ्याच कंपन्या बनवतात, सुरुवातीला जुलाब-मळमळ होते म्हणून थोड्या डोसपासून चढवतात, मन उदास वाटायला लागलं तर सांगायचं.

इंजेक्शनं म्हणजे बायोलॉजिक्स. मघाचे निरोपे आठवतात? ही औषधं नेमका एखादा निरोप्या अडवतात, ॲडॅलिमुमॅब टीएनएफला, सेक्युकिनुमॅब इंटरल्युकिन १७ ला. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब नावाचं असंच एक इंजेक्शन आणलं. गुण जबरदस्त, खर्चही तसाच. सुरू करायच्या आधी टीबी, कावीळ बी-सी, एचआयव्हीच्या तपासण्या होतात, टीबीची तर फारच महत्त्वाची कारण अंगात झोपलेला टीबी या औषधांनी, विशेष करून टीएनएफवाल्यांनी, जागा होऊ शकतो. मेडिक्लेमवाल्यांना आधी लेखी विचारा, तोंडी "होईल हो मॅडम" वर जाऊ नका.

सांधे

हे सगळ्यात दुर्लक्षित. सोरायसिसवाल्यांपैकी पुष्कळांना, काही पाहण्यांत दहातल्या तिघांपर्यंत, सांध्यांचा त्रास होतो, बहुतेकदा कातडीनंतर काही वर्षांनी. मला सकाळी बोटं आखडायची, अर्धा-पाऊण तास मार्कर धरता यायचा नाही, दुसऱ्या तासाला व्यवस्थित. एका पायाचं बोट अख्खं फुगून गाजरासारखं झालं. टाच दुखायची. एका दवाखान्यात आरए फॅक्टर, म्हणजे संधिवातासाठीची रक्ततपासणी, निगेटिव्ह आला म्हणून "संधिवात नाही, कॅल्शियम घ्या" सांगितलं. तर लक्षात ठेवा, सोरायसिसच्या संधिवातात तो बहुतेकदा निगेटिव्हच येतो. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या वर, बोट फुगणं, टाच, रात्री कंबर दुखून जाग येणं, नखांवर खड्डे, यातलं काही असेल तर रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरला, दाखवा आणि लवकर दाखवा, कारण कातडी परत नवी येते, झिजलेला सांधा येत नाही. डोळा लाल होऊन दुखला, उजेड सहन होईना, तर तेही याच खात्यात, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

खाणंपिणं आणि बाकीचं

वांगं सोडा, दही सोडा, मासे आणि दूध एकत्र नको, गहू बंद, हे सगळं मी करून बघितलं, वांग्याने काहीही फरक पडला नाही, मी परत भरली वांगी करते. वजन मात्र खरंच फरक पाडतं, माझं सात किलो उतरलं तेव्हा त्याच औषधाने जास्त गुण आला. सिगारेट आणि दारू दोन्ही भडकवतात. थंडीत वाढतो, घसा आला की वाढतो, टेन्शनमध्ये वाढतो (बोर्डाचे पेपर तपासायला आले की माझी टाळू सांगते). आणि वर्षातून एकदा शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघा, कारण आतली सूज फक्त कातडीपुरती नसते, हृदयाचाही धोका वाढतो.

मनाचं पण लिहिते. झोप उडाली, कुणाला भेटावंसं वाटेना, जगण्यात राम नाही असं वाटायला लागलं तर ते डॉक्टरला चट्ट्याइतकंच स्पष्ट सांगा. पार्लरवाली मागे सरली तर मी आधी घाबरायचे, आता शांतपणे म्हणते, "लागत नाही गं, सोरायसिस आहे, नुसती फणी जपून फिरव". दहातल्या नऊ ऐकतात.

लगेच पळायचं कधी: अंगाचा बहुतेक भाग लाल होऊन थंडी वाजतेय, पाय सुजलेत, किंवा ताप येऊन अंगभर पू भरलेल्या पुळ्या उठल्यात. तेव्हा ओपीडीची वाट बघायची नाही, कॅज्युअल्टीत जायचं.

आणि एक, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. चट्टा बरा झाला की तिथे काळा नाहीतर फिकट डाग राहतो, आपल्या कातडीवर तर काही महिने राहतो. मी त्या डागांना आजार समजून अजून आठ आठवडे स्टिरॉइड घासत होते. ओळखायची रीत सोपी आहे: डोळे मिटा आणि त्यावरून बोट फिरवा. बाजूच्या कातडीसारखं सपाट, मऊ लागलं, कड सापडली नाही, तर तो नुसता डाग आहे, ट्यूबचं झाकण लावा. कड लागली तर औषध अजून चालू.